निम्म्या शहराला एकच नंबर

कारखान्यात त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे कडीकोयंडा. त्याला दोन्ही ठाऊक होतं आणि दुसरं जास्त आवडायचं. जपणूक करण्यात माणूस इतका पुढे गेलेला, की घरी आल्यावर बेल वाजवायची, आतून बायकोनं "कोण?" विचारलं की "मी" म्हणायचं, आणि तेवढ्यावर तिनं दार उघडलं तर तिच्यावरच डाफरायचं. "मी म्हणजे कोण? मी काय, कोणीही म्हणेल!" एकदा बायको घरी नसताना त्यानं सवयीनं बेल वाजवली, स्वतःच स्वतःला "कोण?" विचारलं, आणि उत्तरानं समाधान झालं नाही म्हणून तासभर जिन्यात उभा राहिला, असं त्याची मेहुणी सांगते. ती तिखटमीठ लावते हे खरं. पण जिन्यातला तास तिनं कमी करूनच सांगितला असावा.

कारखाना चष्म्यांचा. तिथली यंत्रं चालवणारे प्रोग्राम कडीकोयंड्याच्या ताब्यात होते. हे प्रोग्राम कंटेनरमध्ये राहतात. कंटेनर म्हणजे समजा डबा. एकेका डब्यात एकेक प्रोग्राम, आपलं सामानसुमान घेऊन. असे शे-दीडशे डबे एकत्र नांदतात, त्या कुटुंबकबिल्याला क्लस्टर म्हणतात. आतल्या आत सगळे एकमेकांना नावानं हाका मारतात; बाहेरच्याला मात्र उंबऱ्याशीही उभं करत नाहीत.

दोन रस्ते सोडून डोळ्यांचा दवाखाना होता. त्याचं क्लस्टर वेगळं, आणि ते सांभाळायची हीच मेहुणी. दवाखाना आणि कारखाना, दोन्हींची मालकीण आता एकच झाली होती. मालकीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "दवाखान्यातून नंबर कागदावर लिहून येतात. कागदावर चहा सांडला की मायनसचा प्लस होतो. ते बंद करा. यंत्रानं यंत्राला विचारावं."

दवाखान्याच्या क्लस्टरमध्ये एक खासगी सर्व्हिस होती, म्हणजे विचारलं की उत्तर देणारा प्रोग्राम, तिचं नाव 'नंबर'. तिला टोकन, म्हणजे पेशंटच्या चिठ्ठीवरचा क्रमांक, सांगितलं की ती त्या माणसाच्या डोळ्यांचा नंबर सांगायची. माणसाचं नाव नाही, पत्ता नाही, नुसता नंबर. ही एवढी एकच सर्व्हिस कारखान्याच्या क्लस्टरला दिसायला हवी होती. बाकी दवाखाना झाकलेला, आणि मधल्या रस्त्यावरच्या कोणालाही काहीच दिसता कामा नये.

असं काम कडीकोयंड्याच्या हाती आलं म्हणजे बघायलाच नको. तीन आठवडे त्यानं मेहुणीचं डोकं खाल्लं. दोन्ही क्लस्टरनी एकमेकांना आधी सर्टिफिकेट दाखवायचं, मगच तोंड उघडायचं. सर्टिफिकेट रोज बदलायचं. आणि कारखान्यात नंबर कुठेही साठवायचा नाही. काच घासून झाली की पडद्यावरून तो पुसला गेलाच पाहिजे.

"भावोजी," मेहुणी फोनवर म्हणाली, "चष्म्याचे नंबर आहेत हो. सोन्याच्या खाणीचा नकाशा नाही."

"तू फक्त तुझ्या बाजूचं कधी होतंय ते सांग."

"तुम्ही रोज नवी अट घातली नाहीत, तर परवा."

तिची बाजू तयार होईपर्यंत हात बांधून बसणं ह्याच्या स्वभावात नव्हतं. म्हणून त्यानं आपल्या क्लस्टरमध्ये एक तोतया उभा केला. नाव तेच, 'नंबर'. आणि क्लस्टरमध्ये ज्या कप्प्यांना नेमस्पेस म्हणतात, तो कप्पाही तोच. हेतू असा, की आपल्या यंत्राला बोलायचा सराव व्हावा. तोतयाला अक्कल नव्हती. कोणतंही टोकन विचारा, तो एकच उत्तर द्यायचा. ते उत्तर कुठून आणावं? कडीकोयंड्यानं खिशात हात घातला, तर सासूबाईंची चिठ्ठी हाताला लागली.

सासूबाईंचं म्हणजे असं. चारचौघांत त्या नेहमी सांगत, "मला दिसतं बाई स्वच्छ. चष्मा आपला नुसता वाचायला." प्रत्यक्षात डावा डोळा ठीक होता आणि उजव्याला भिंतीवरचं कॅलेंडर म्हणजे पांढरा डाग. उजवा मायनस साडेनऊ, डावा मायनस पाऊण. मुलींनाही त्यांनी हे कळू दिलं नव्हतं. जावयाला बाजूला घेऊन दवाखान्याची चिठ्ठी दिली होती. "तुमच्या कारखान्यात गुपचूप करून आणा, जावईबापू. तुमच्याकडून गोष्ट बाहेर फुटत नाही म्हणतात."

जावईबापूंनी तोच नंबर तोतयाच्या तोंडी घातला. माझ्याच क्लस्टरमध्ये तर आहे, बघतंय कोण, असं म्हणाला.

आता ह्या जोडणीचा एक नियम आहे. दोन क्लस्टर जोडली, आणि दोन्हीकडे एकाच कप्प्यात एकाच नावाची सर्व्हिस वाटून घ्यायला खुली ठेवली, तर दोघी एकच मानल्या जातात. विचारणा आली की एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे. हा नियम कडीकोयंडा नवख्यांना फळ्यावर चित्र काढून शिकवायचा. आणि त्यानंच रंगीत तालीम म्हणून तोतयावर 'वाटायला खुली' अशी खूण करून ठेवली होती. मेहुणीची बाजू जोडली गेली तेव्हा तोतया हटवायचा राहिला.

मग त्यानं चाचणी घेतली नाही का? घेतली तर. वीस वेळा घेतली. पण चाचणीला खरं टोकन हवं, आणि त्याच्याजवळ होतं एकच, सासूबाईंचं. दहा वेळा खऱ्या सर्व्हिसनं उत्तर दिलं, दहा वेळा तोतयानं, आणि वीसच्या वीस उत्तरं बरोबर आली.

"चोख!" तो मेहुणीला म्हणाला. "आता प्रत्यक्ष वारा जरी आला तरी सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय आत यायचा नाही."

पहिल्या दोन दिवसांत काचांचा ढीग निघाला. काचा घासायचे भिंगकाका. वय अडुसष्ट, त्यातली चाळीस वर्षं ह्याच कारखान्यात. टोकन लावलं की पडद्यावर नंबर उमटे, काका तो यंत्राला देत आणि शेवटचा हात स्वतः फिरवत. मंगळवारी सकाळी ते कडीकोयंड्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"साहेब, जरा विचारायचं होतं. आकडा तोच तोच येतोय."

"कोणता तोच तोच?"

"एक निराळा येतो, की पुढचा तोच. मायनस साडेनऊ, मायनस पा..."

"काका," पडद्यावरची नजर न काढता कडीकोयंडा म्हणाला, "आकड्यांचं आमच्यावर सोडा. तुम्ही काच घासा."

काका गेले. चाळीस वर्षांत त्यांना काच घासा असं कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते दुसरं काही करतच नव्हते.

आठवड्याभरात शहरात जो गोंधळ उडाला तो सांगून पटायचा नाही. एका शिक्षकानं कोऱ्या उत्तरपत्रिकेला पैकीच्या पैकी गुण दिले आणि वर अक्षर सुंदर असा शेरा मारला. एक गृहस्थ बँकेत टोपी अडकवायच्या खुंटीला वाकून नमस्कार करून कर्ज मागून आले. वीस वर्षं अबोला धरलेले दोन शेजारी जिन्यात एकमेकांना दुसराच कोणी समजून कडकडून भेटले, गप्पा मारल्या, आणि चष्मे काढल्यावर पुन्हा भांडले. जो तो एक डोळा मिटून चालायचा, त्यामुळे सारं शहर एकमेकांना डोळा मारत फिरतंय असं दिसायचं, आणि त्यावरूनही चार ठिकाणी हाणामारी झाली. सबंध शहरात एकाच गिऱ्हाइकाच्या घरी बिनतक्रार समाधान होतं. त्या म्हणजे सासूबाई.

सव्वादोनशे चष्मे परत आले. मालकीणबाईंनी काकांना बोलावलं.

"काका, हे सगळे एकाच नंबरचे आहेत."

"तेच मी म्हणतोय बाई. पडद्यावर तसाच आला."

"निम्म्या शहराचे डोळे सारखे कसे असतील?"

"मला वाटलं साथबिथ आली असेल."

मालकीणबाईंना हसू आलं नाही. "तुम्ही यंत्रावरचा आकडा बदलायला विसरताय, काका. एक काच करता, पुढच्या काचेला मागचाच आकडा ठेवता." आणि कडीकोयंड्याकडे वळून, "तुमच्याकडे कुठे पाणी मुरतंय का?"

"माझ्याकडे? मुंगी शिरायला जागा नाही."

"लिहून द्याल?"

त्यानं लिहून दिलं. कारखान्यात येणारा नंबर बरोबरच असतो, चूक घासताना होते. खाली सही केली. काकांकडे दाखवायला काही नव्हतं. नंबर पडद्यावरून पुसला जायचा, तसा नियमच होता, आणि नियम सही करणाऱ्याचा होता. काकांनी अंगातला घासायचा कोट काढला, घडी करून टेबलावर ठेवला.

"साहेब, खरंच विसरत असेन का मी?" जाताना त्यांनी विचारलं. तक्रारीच्या सुरात नाही. डॉक्टरला विचारावं तसं.

"वय झालं की होतं, काका," कडीकोयंडा म्हणाला.

त्यानंतर दोन तासांनी तो जेवणाचा डबा उघडून बसला होता. काकांचं ते अर्धवट वाक्य त्याच्या कानात उगाच घोळत होतं. मायनस साडेनऊ, मायनस पा... पा म्हणजे काय? पावणेदोन? पावणेतीन? पाऊण.

घास हातातच राहिला. त्यानं पडदा उघडून 'नंबर'ची यादी काढली. एका नावामागे दोन सर्व्हिस उभ्या होत्या. एक दवाखान्यातली, आणि एक घरातलीच. ती कोणी उभी केली, कोणत्या तारखेला, सगळं लिहिलेलं होतं, कारण तसं लिहिलंच गेलं पाहिजे असा आग्रहही त्याचाच.

तोतया काढून टाकायला एक ओळ पुरली. कोणाला कळलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं लोणी लावल्यासारखं "काय साहेब, जेवण आटपलं?" विचारलं, तर ह्यानं "हो हो, आटपलं" म्हणून भरलेला डबा बंद केला.

आणि खरी शरमेची गोष्ट इथून पुढे सुरू होते. दुसऱ्या दिवशी काकांच्या जागी दुसरा कारागीर बसला, आणि चष्मे आपोआप बरोबर यायला लागले. एकही परत आला नाही. मालकीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा. काका गेले आणि गाडी रुळावर आली. मला वाईट वाटत होतं, पण आता खात्री झाली."

कडीकोयंड्यानं मान हलवली. त्यानं चूक गुपचूप निस्तरली, तीच काकांच्या विरुद्ध साक्ष होऊन बसली. तो दोन दिवस असाच मान हलवत हिंडला. संध्याकाळी सासूबाईंकडे गेला तर त्या नवा चष्मा लावून दारात उभ्या.

"कुणाजवळ बोलला नाहीत ना?"

"छे!"

सव्वादोनशे लोकांच्या नाकावर बसून आलेला तो नंबर त्यांनी सारखा केला आणि जावयाकडे निरखून पाहिलं. "तुमचा चेहरा किती हो उतरलाय. आत्ता मला नीट दिसतंय." त्याला वाटलं, धरणी दुभंगावी, पण त्यांच्या घरची फरशी पक्की होती.

तिसऱ्या दिवशी मेहुणीचा फोन आला. "भावोजी, एक गंमत विचारू? गेल्या आठवड्यात तुमच्याकडून साडेचारशे विचारणा निघाल्या. माझ्याकडे सव्वादोनशेच पोचल्या. उरलेल्यांना उत्तर कोणी दिलं?"

त्यानं शेजारच्या टेबलाकडे पाहिलं आणि फोनवर हात धरला.

"भावोजी?"

"तोतया होता. माझा. काढायचा राहिला."

पलीकडे ती इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "कडीकोयंड्याच्या घरात! सर्टिफिकेट दाखवून! आणि नंबर कोणाचा घातला होतात? तुमचा?"

"तुझ्या आईचा. उजवा मायनस साडेनऊ."

हसणं थांबलं. "आईचा? साडेनऊ? आईला इतकं कमी दिसतं?" आणि मग, वेगळ्याच आवाजात, "मला का नाही सांगितलं तिनं?"

"हे आपल्यातच ठेव," तो म्हणाला. "घरची गोष्ट आहे."

"आईचं मी ठेवीन. पण तुमच्या कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाला घरी बसवलं म्हणतात, ती कोणाच्या घरची गोष्ट?"

तिनं फोन ठेवला. तो उठला आणि मालकीणबाईंच्या खोलीत गेला. उभ्यानंच सगळं सांगितलं, आणि सांगताना टेबलावरच्या पेनस्टँडकडे पाहत राहिला. मालकीणबाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "झालं ते झालं. गवगवा कशाला? काकांना सांगा, विश्रांती झाली, आता या म्हणावं. कारण द्यायची गरज नाही. तुमचीही झाकली मूठ राहील, माझीही."

किती बरं वाटलं त्याला! त्या सुटकेची आठवण पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचली. जवळजवळ शीळ घालतच तो काकांच्या घरी निघाला.

दार सुनेनं उघडलं. आत दोन खोल्या, आणि जिकडेतिकडे कागदाचे कपटे चिकटवलेले. गॅसजवळ 'बंद केला का?' नळावर 'बंद केला का?' दाराच्या मागे 'एकट्यानं जायचं नाही'. अक्षर काकांचं. काका खाटेवर बसून वहीत काही लिहीत होते.

"या साहेब. थांबा हं, लिहून घेतो. साडेचार वाजता साहेब आले." लिहून झाल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "मी जेवलो ना गं?"

"जेवलात, बाबा."

"मला वाटलंच. पण खात्री केलेली बरी."

कडीकोयंडा खुर्चीच्या टोकावर टेकला. "काका, मालकीणबाईंनी परत बोलावलंय. विश्रांती झाली, आता या म्हणाल्या."

"नको साहेब."

"अहो, का?"

"मी विसरतो. सव्वादोनशे काचा म्हणजे थोडं नाही. आणि मला एकही आठवत नाही हो, की इथे आपण आकडा बदलला नाही. प्रत्येक वेळी बदलल्याचंच आठवतं. म्हणजे बघा किती गेलंय डोकं." त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "पुन्हा कोणाच्या डोळ्यांशी खेळ नको. सूनबाईनं किल्लीसुद्धा काढून घेतलीय माझ्याकडची. बरोबरच केलं."

सून पदराशी चाळा करत उभी होती. कडीकोयंड्यानं सगळीकडे पाहिलं, पण नजर ठेवायला कपट्यांशिवाय जागा सापडेना.

"काका, तुम्ही विसरला नाहीत."

"तुम्ही चांगले आहात म्हणून म्हणता."

"मी चांगला नाही," तो म्हणाला, आणि मग शब्द कसेबसे बाहेर पडले. तोतया, चाचणी, सही, नंतर गुपचूप काढून टाकलेली ती एक ओळ. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आकडा खरंच तोच येत होता."

"हो."

"आणि मी दर वेळी बदलत होतो."

"हो, काका."

काकांनी वही मिटली. उठून गॅसजवळचा कपटा सोलून काढला, मग नळावरचा. दारामागचा निघेना, तो सुनेनं नखानं खरवडून काढला, आणि तिचे डोळे भरून आले.

"काका, मला माफ करा."

"ते बघू. आधी चपला घाला."

"कुठे जायचं?"

"सूनबाईनं चांगल्यासाठीच केलं, पण सगळ्या इमारतीत सांगून ठेवलंय, आमचे बाबा जिन्यात भरकटलेले दिसले तर घरी आणून सोडा म्हणून. तीन मजले आहेत. एकवीस घरं. काल समोरच्या पोरीनं मला हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. मी रस्ता ओलांडत नव्हतो, मी नुसता उभा होतो."

पहिलं दार एका शिंपिणीचं. काकांनी बेल वाजवली, ती आली, काका बाजूला सरकले. "सांगा, साहेब."

त्यानं सांगितलं. दुसऱ्या दारात एक निवृत्त पोस्टमन होता. त्याला ऐकायला कमी यायचं, म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं, आणि त्यामुळे तिसऱ्या, चौथ्या दारातले लोक आपणच बाहेर आले. तरी काकांनी त्यांना वगळलं नाही. "त्यांनी कानावर आलेलं ऐकलं, साहेब. त्यांना सांगितलेलं ऐकू दे."

"पण तो नंबर होता कोणाचा?" पाचव्या दारातली एक जण फारच रस घेऊन म्हणाली.

"ते सांगता येणार नाही," कडीकोयंडा म्हणाला.

"ते नको," काका म्हणाले. "त्यांचा काय दोष."

दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याची जीभ सरावली. माणसाची जात, शरमेलासुद्धा ती कोपरे घासून गुळगुळीत करते. आठव्या दारात त्यानं गोष्ट झटपट उरकली. दोन क्लस्टर होती, एक जुनी सर्व्हिस काढायची राहिली, त्यामुळे नंबर चुकला, काकांचा काही दोष नाही. दारातला माणूस "असं होय" म्हणून दार लावायला लागला, तसं काकांनी हात आडवा घातला.

"मंगळवारी सव्वाअकराला मी टेबलाशी येऊन सांगितलं होतं, ते राहिलं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात, काच घासा, ते राहिलं. वय झालं की होतं म्हणालात, तेही."

दारातला माणूस थांबला. कडीकोयंड्यानं खाली मान घालून पुन्हा सुरुवात केली, मंगळवारपासून. सव्वाअकरापासून. टेबल, पडदा, काच घासा. शेवटाला आला आणि श्वास घ्यायला थांबला.

"सहीचं राहिलं, साहेब," काका म्हणाले.

त्यानं सहीचं सांगितलं. मग काका पुढच्या दाराकडे वळले आणि त्यांनी बेल वाजवली.